सुबाभळीचे विष आणि शेळीच्या पोटातील जीवाणू

सुबाभूळ तुम्ही नक्कीच पाहिली असेल. शेताच्या बांधावर, कालव्याच्या काठी, शाळेच्या कुंपणाशी हे झाड कोणी न लावताही उगवलेले दिसते. चिंचेसारखी बारीक पाने, पांढऱ्या गोंड्यासारखी फुले आणि वाळल्यावर वाऱ्याने खुळखुळणाऱ्या चपट्या तपकिरी शेंगा. शेळ्या राखणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा. तो सांगेल की, सुबाभळीची फांदी खाली वाकवली की शेळी दुसऱ्या कशाकडे ढुंकूनही पाहत नाही. शेळीची ही आवड अगदी योग्य आहे. या झाडाच्या वाळलेल्या पाल्यात वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक प्रथिने असतात. म्हणजे लसूणघासाच्या तोडीचा चारा, तोही झाडावर, तोही भर उन्हाळ्यात!

हे झाड मूळचे आपले नव्हे. त्याचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांनी त्याच्या उंच व झपाट्याने वाढणाऱ्या जाती निवडल्या. त्यांपैकी 'के-८' ही जात १९७० नंतरच्या दशकात भारतात आली. पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने तिचा महाराष्ट्रात मोठा प्रसार केला. आपल्या बाभळीच्या नात्यातली, पण काटे नसलेली म्हणून ती 'सु-बाभूळ' ठरली.

मात्र या 'सु' झाडाच्या पाल्यात एक विष असते. त्या विषामुळे ऑस्ट्रेलियातील गुरांचे केस गळत होते, वजन घटत होते. आणि त्याच वेळी हवाई बेटांवरील शेळ्या तोच पाला पोटभर खाऊन धडधाकट राहत होत्या. असे का? या प्रश्नाचे उत्तर एका शास्त्रज्ञाने कसे शोधले, ती हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे. मी शिकवतो भौतिकशास्त्र. तेव्हा शेळीच्या पोटात मी का डोकावतो आहे, असे कदाचित तुम्हांला वाटेल. पण एखादे कोडे पायरीपायरीने कसे सोडवावे याचा इतका चांगला नमुना आमच्या विषयातही नेहमी सापडत नाही.

पोट नव्हे, टाकी

प्रथम हे पोट कसे असते ते पाहू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट; त्याला शास्त्रज्ञ 'रुमेन' म्हणतात. मोठ्या गायीच्या कोठीपोटात १०० लिटरांहून जास्त ऐवज मावतो. घरातले पाण्याचे पिंप डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.

गवताचा बराचसा भाग सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची एकमेकांत घट्ट गुंफलेली माळ. ती माळ तोडणारे विकर तुमच्याआमच्या शरीरात तयार होत नाही. विशेष म्हणजे गायीच्या शरीरातही ते तयार होत नाही! गाय गवत खाते, पण ते पचवतात तिच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव. तेथील द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १,००० कोटी जीवाणू असतात. पृथ्वीवरील माणसांची एकूण संख्या याहून कमी आहे. शिवाय त्याच एका मिलिलिटरमध्ये काही लाख आदिजीव असतात. १९७५ साली कॉलिन ऑर्पिन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ज्यांना सर्वजण आदिजीव समजत होते असे काही पोहणारे जीव खरे तर बुरशीचे बीजाणू आहेत. हवेविना जगणारी बुरशी असू शकते यावर तोवर कोणाचा विश्वास नव्हता.

हे सारे जीव गवत आंबवतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. यांतले पहिले तुमच्या ओळखीचे आहे. व्हिनेगारमध्ये तेच असते. ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गायीला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग त्यांतून मिळतो. आम्ल साचून टाकी बिघडू नये यासाठीही सोय आहे. गाय दिवसाकाठी १०० लिटर किंवा त्याहून अधिक लाळ गिळते आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्यातलाच क्षार असतो. आंबताना जो कार्बन डाय-ऑक्साइड व मिथेन तयार होतो, तो ती ढेकरांवाटे बाहेर टाकते. तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस, आत प्राणवायू जवळजवळ नाही, एका बाजूने चारा व लाळ सतत आत येते आणि दुसऱ्या बाजूने पचलेला ऐवज पुढच्या कप्प्यात सरकतो. रासायनिक कारखान्यातील सतत चालणाऱ्या टाकीचे वर्णन यापेक्षा फारसे वेगळे नसते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ती पुढे लागेल. वासरू किंवा करडू जन्मते तेव्हा त्याच्या कोठीपोटात हे सूक्ष्मजीव नसतात. आईचे चाटणे, गोठ्यातली जमीन, चारा, पाणी, कळपातील इतर जनावरांची लाळ यांतून ते त्याला मिळतात. म्हणजे जनावराला रूप आईबापांकडून मिळते, पण पोटातली ही वस्ती त्याच्या शेजारपाजाऱ्यांकडून मिळते.

विष, आणि विषाचे विष

आता त्या विषाकडे वळू. त्याचे नाव मिमोसिन. ते एक अमिनो आम्ल आहे. लाजाळूच्या झाडात ते प्रथम सापडले आणि लाजाळूचे शास्त्रीय नाव मिमोसा पुडिका, म्हणून हे नाव. सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात ते सुमारे ३ ते ५ टक्के असते. कोवळ्या शेंड्यांत त्याहून जास्त. केसांच्या मुळाशी पेशींचे जे भराभर विभाजन चालू असते, ते मिमोसिनमुळे थांबते. घोड्याने हा पाला भरपूर खाल्ला तर त्याची आयाळ आणि शेपटीचे केस झडतात. ऑस्ट्रेलियातील काही संशोधकांनी तर यातूनही फायदा करून घेण्याचा प्रयत्न केला. मेंढीला मोजके मिमोसिन दिले की तिची लोकर मुळापासून सुटते, मग कातरण्याचे कष्ट कशाला, असा त्यांचा विचार. प्रयोगात लोकर सुटलीही, पण कातऱ्या मात्र अजून चालूच आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील क्वीन्सलँड प्रांतात गुरांची मोठमोठी कुरणे आहेत. पावसाळा संपला की तिथले गवत वाळून निःसत्त्व होते. अशा ठिकाणी सुबाभळीसारखे झाड म्हणजे वरदानच. पण सुबाभळीच्या कुरणात सोडलेली गुरे सुरुवातीला छान वाढत आणि मग हळूहळू खंगू लागत. भूक मंदावे, लाळ गळे, केस जात आणि गळ्याशी असलेली अवटू ग्रंथी सुजे. या सुजेलाच आपण गलगंड म्हणतो. रक्त तपासले तर त्या ग्रंथीतून निघणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक फार कमी झालेले आढळे.

येथे एक पेच होता. मिमोसिनमुळे केस गळतात हे माहीत होते, पण मिमोसिनमुळे गलगंड होत नाही. मग गलगंड कशाने? ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संघटनेतील हेगार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली याचा उलगडा केला. कोठीपोटातील सूक्ष्मजीव मिमोसिनचे रेणू तोडतात. त्यामुळे केसांवरचे संकट बरेचसे टळते. पण तोडल्यावर जो तुकडा उरतो त्याचे नाव 'डायहायड्रॉक्सी पायरिडीन', थोडक्यात डी.एच.पी.; आणि हा तुकडा अवटू ग्रंथीला आयोडीनपासून संप्रेरक बनवू देत नाही. म्हणजे एका विषातून दुसरे विष तयार झाले! घरात शिरलेल्या चोराला हाकलून लावणाऱ्या गड्याने जाताना स्वतःच तिजोरी उचलावी, तसाच हा प्रकार.

दोष कोणाचा?

आता रेमंड जोन्स यांची गाठ घेऊ. हे सीएसआयआरओमध्येच होते आणि क्वीन्सलँडमधील टाउन्सव्हिल येथील प्रयोगशाळेत काम करीत. त्यांचा विषय उष्ण प्रदेशातील चराऊ कुरणे हा होता. ते जीवाणुशास्त्रज्ञ नव्हते. माझ्या मते ही गोष्ट त्यांच्या पथ्यावरच पडली. ज्याचा ज्या विषयात जन्म जातो, त्याला त्या विषयाबाहेरची कारणे सहसा लवकर सुचत नाहीत.

हवाई बेटांवर सुबाभूळ रानोमाळ माजलेली होती आणि शेळ्या व गुरे ती मनसोक्त खात होती. तिथे ना कोणाचे केस गळत, ना गलगंड होई. जोन्स यांनी या विरोधाभासाकडे दुर्लक्ष केले नाही. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? प्रथम संशयितांची यादी केली असती. झाड वेगळे असेल. म्हणजे हवाईच्या सुबाभळीत विष कमी असेल. जनावर वेगळे असेल; म्हणजे तिथल्या शेळ्यांची जात काटक असेल. किंवा हवापाणी, माती, त्यातील आयोडीन यांचा काही परिणाम असेल.

भौतिकशास्त्रात आम्ही एक युक्ती वापरतो. बंद पेटी समोर आहे, ती उघडता येत नाही. अशा वेळी आत काय गेले आणि बाहेर काय आले याचा चोख जमाखर्च ठेवायचा. द्रव्य नाहीसे होत नाही, तेव्हा जमेत आणि खर्चात फरक पडला तर तो पेटीच्या आतच कुठेतरी पडला असला पाहिजे. जोन्स यांनी शेळीच्या बाबतीत नेमके हेच केले. त्यांनी व त्यांचे सहकारी मेगॅरिटी यांनी ऑस्ट्रेलियातील शेळ्या आणि हवाईतील शेळ्या, दोहोंनाही सुबाभळीवर ठेवले आणि त्यांचे खाणे, त्यांची प्रकृती व त्यांचे मूत्र यांवर लक्ष ठेवले.

मूत्रावर का? कारण शरीराला नको असलेले डी.एच.पी. मूत्रावाटे बाहेर पडते. शिवाय ते ओळखणे सोपे असते. फेरिक क्लोराइडचे द्रावण घातले की गडद रंग येतो. फिनॉल ओळखण्यासाठी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वापरतात तीच ही परीक्षा. तुमच्यापैकी जे पुढे विज्ञान शाखेला जातील ते ती स्वतःच्या हाताने करतील.

१९८३ साली प्रसिद्ध झालेला या तुलनेचा निकाल अगदी स्पष्ट होता. ऑस्ट्रेलियातील शेळ्यांच्या मूत्रात डी.एच.पी. भरपूर आले. त्यांचे खाणे कमी झाले, थायरॉक्सिन घसरले. हवाईतील शेळ्या मात्र पोटभर खात राहिल्या, त्यांचे थायरॉक्सिन जागच्या जागी राहिले आणि त्यांच्या मूत्रात डी.एच.पी. जवळपास आलेच नाही. जमेच्या बाजूला मिमोसिन दोघींकडेही होते. खर्चाच्या बाजूला एकीकडे डी.एच.पी. होते, दुसरीकडे नव्हते. म्हणजे झाड निर्दोष ठरले. हवाईतील शेळ्यांच्या पोटात डी.एच.पी. तयार होऊन पुढे त्याचेही तुकडे होत होते.

हे तुकडे करते कोण? शेळीचे स्वतःचे शरीर की तिच्या कोठीपोटातील वस्ती? जोन्स यांचा संशय वस्तीवर होता. १९८१ सालीच त्यांनी ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यकांच्या नियतकालिकात एक छोटे टिपण लिहिले होते. हवाईत सुबाभळीची बाधा होत नाही याचे कारण कोठीपोटात घडणाऱ्या क्रियांत आहे काय, असे त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते. शास्त्रीय नियतकालिकात प्रश्नचिन्ह छापणे फार जणांना आवडत नाही. पण उत्तर हाती नसताना प्रश्न नेमका मांडणे हेसुद्धा संशोधनच असते.

संशय वस्तीवर असेल तर तो तपासायचा मार्ग एकच. वस्ती उचलून दुसऱ्या पोटात नेऊन ठेवायची आणि काय होते ते पाहायचे. झाड तेच, शेळी तीच, हवापाणी तेच. बदलणार फक्त पोटातील पाहुणे.

समुद्रापलीकडचे पाहुणे

ऐकायला हे सोपे वाटते, पण अडचणी दोन होत्या. पहिली म्हणजे हे जीवाणू प्राणवायूत मरतात. उघड्या बाटलीत घेऊन ते नेता येत नाहीत. दुसरी अडचण याहून गंभीर होती. ऑस्ट्रेलिया हा चोहोबाजूंनी समुद्राने वेढलेला देश. तिथे गुरांचे कितीतरी साथीचे रोग नाहीत आणि ते येऊ नयेत म्हणून परदेशातून येणाऱ्या प्राण्यांवर, बियांवर, मातीवरही कडक बंधने आहेत. अशा देशात परक्या शेळीच्या पोटातील जिवंत द्रव आणायचा, म्हणजे त्यातून सुबाभळीच्या औषधाबरोबर एखादा रोगही येण्याचा धोका. एक समस्या सोडवताना दुसरी आणून ठेवली, असे त्या देशात पूर्वी घडले आहे. उसावरील किड्यांचा नाश करण्यासाठी १९३५ साली क्वीन्सलँडमध्ये परदेशी बेडूक सोडले, त्यांचा उपद्रव आजही चालू आहे. आणि गंमत म्हणजे ते बेडूकही हवाईहूनच आणले होते!

त्यामुळे घाई करून चालणार नव्हते. १९८४ साली जोन्स आणि लोरी यांनी इंडोनेशियातील एका शेळीच्या कोठीपोटातील द्रवाचा प्रयोग प्रसिद्ध केला. तो द्रव मिळाल्यावर ऑस्ट्रेलियातील शेळ्या डी.एच.पी. नष्ट करू लागल्या होत्या. त्यानंतर १९८६ साली जोन्स आणि मेगॅरिटी यांनी हवाईतील शेळ्यांपासून मिळवलेल्या जीवाणूंची बातमी दिली. हे जीवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या कोठीपोटात सोडल्यावर त्यांच्या मूत्रातील डी.एच.पी. ओसरले. झाड, जनावर, हवापाणी यांपैकी काहीच बदलले नव्हते. संशयितांच्या यादीत आता एकच नाव उरले.

येथे थोडे गणित करू. समजा, १०० मिलिलिटर द्रव १०० लिटरांच्या कोठीपोटात ओतला. तो हजारपट पातळ झाला. त्यातले जीवाणू पुन्हा मूळच्या दाटीला पोचायला किती वेळा दुप्पट व्हायला हवेत? २ चा दहावा घात १,०२४, म्हणजे फक्त दहा वेळा. पण लक्षात घ्या, ही टाकी वाहती आहे. जो जीवाणू वाहून जाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वाढत नाही तो काही दिवसांत धुऊन निघतो. आपल्या पाहुण्याचे अन्न आहे डी.एच.पी.; म्हणजे जनावर सुबाभूळ खात असेल तरच त्याला तिथे तग धरण्याचे कारण. बाहेरून आणलेले असंख्य जीवाणू कोठीपोटात टिकत नाहीत. हा टिकला, कारण त्याच्यासाठी रोज ताट वाढलेले होते आणि पंगतीला दुसरे कोणी नव्हते.

आणि तो एका जनावरापुरताही राहिला नाही. कळपातील काही जनावरांना पाजला की चरताना, पाणी पिताना, एकमेकांना चाटताना तो बाकीच्यांपर्यंत पोचत असे. वासराला आईकडून वस्ती कशी मिळते हे आपण पाहिले, त्याच वाटेने. पुढे क्वीन्सलँडमधील सरकारी पशुसंवर्धन खात्याने मोठ्या पात्रांत हे मिश्रण वाढवून, गोठवून, गुरे पाळणाऱ्यांना पुरवायला सुरुवात केली.

हे जीवाणू हवाईत आले तरी कुठून? सुबाभळीचे माहेर मेक्सिको, तेव्हा तिचे विष पचवणारे जीवाणूही तिथेच घडले असावेत असे मानायला जागा आहे. हवाईतील पहिली गुरे १७९३ साली कॅप्टन व्हँकूव्हर यांनी कॅलिफोर्नियातून आणली. तिथली गुरे स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून नेलेली होती. उलट ऑस्ट्रेलियातील पहिली गुरे १७८८ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून आली. झाड एका वाटेने आले, जनावरे दुसऱ्याच वाटेने, अशी चुकामूक झाली असेल. अर्थात हा तर्क आहे. जीवाणूंच्या प्रवासाची नोंद कोणत्याही जहाजाच्या रोजनिशीत नसते.

नाव मिळाले

इतके होऊनही मुख्य पात्राचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. जनावरांना पाजले जात होते ते अनेक जीवाणूंचे मिश्रण. त्यातला नेमका कामाचा कोणता?

हवेत मरणारे जीव वेगळे काढून वाढवणे ही फार नाजूक कला आहे. ती अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित केली. त्यांची युक्ती भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही आवडेल अशी आहे. कार्बन डाय-ऑक्साइड वायू तापलेल्या तांब्यावरून जाऊ द्यायचा. त्यातला उरलासुरला प्राणवायू तांबे खाऊन टाकते. तो शुद्ध वायू परीक्षानळीत सोडायचा, आत वितळलेले पोषक आगर घालून बूच घट्ट बसवायचे आणि नळी थंड करताना आडवी धरून गरगर फिरवायची. आगराचा पातळ थर नळीच्या आतल्या बाजूला सर्वत्र बसतो आणि त्यावर जीवाणूंचे ठिपके उगवतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एकेका जीवाणूचे कुटुंब. हंगेट यांचे १९६६ सालचे कोठीपोट व त्यातील सूक्ष्मजीवांवरील पुस्तक या विषयाचा पाया मानले जाते.

या परंपरेत तयार झालेले मिल्टन ॲलिसन अमेरिकेतील एम्स येथील प्रयोगशाळेत काम करीत. त्यांनी जोन्स यांच्याबरोबर हवाईतील शेळीच्या द्रवातून तो जीवाणू वेगळा काढला. १९९२ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. हा जीवाणू मोठा चोखंदळ निघाला. साखर आणि पिष्ट, ज्यांवर कोठीपोटातील बहुतेक मंडळी जगतात, त्यांना तो तोंडही लावत नाही. आर्जिनिन व हिस्टिडिन ही अमिनो आम्ले आणि डी.एच.पी. हे त्याचे अन्न. ओळखीच्या कोणत्याही कुळात तो बसेना, म्हणून त्याच्यासाठी नवी प्रजाती करावी लागली आणि कुरणांच्या या संशोधकाच्या सन्मानार्थ नाव ठेवले 'सिनर्जिस्टिस जोन्सी'. आज जीवाणूंच्या एका संपूर्ण संघाला याच प्रजातीवरून नाव मिळाले आहे. एका शेळीच्या पोटातून निघालेल्या जिवाला हा मान काही लहान नव्हे.

पुढे काय झाले?

बहुतेक पुस्तके ही गोष्ट येथेच संपवतात. मला मात्र पुढचा भाग जास्त रंगतदार वाटतो.

या शतकाच्या पहिल्या दशकात क्वीन्सलँडमध्ये कळपांची पाहणी केली, तेव्हा जीवाणू पाजलेल्या कित्येक जनावरांच्या मूत्रातही डी.एच.पी. सापडले. उलट डी.एन.ए. तपासण्याच्या नव्या पद्धतींनी पाहिले तर, कधीही न पाजलेल्या आणि जगाच्या निरनिराळ्या भागांतील जनावरांतही सिनर्जिस्टिस जोन्सी थोड्या संख्येने आढळू लागला. मग 'त्यांच्याकडे तो नव्हताच' हे म्हणणे तितकेसे खरे राहत नाही. आणखी एक गोष्ट इंडोनेशियातून पुढे आली. तिथल्या सुंबावा बेटावर शेतकरी बैलांना जवळजवळ निव्वळ सुबाभळीवर पुष्ट करतात. त्या बैलांच्या मूत्रात डी.एच.पी. भरपूर असते, पण सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर त्यांना काही त्रास होत नाही.

क्वीन्सलँड विद्यापीठातील मॅक्स शेल्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली याचे एक उत्तर मांडले. जनावराचे यकृत डी.एच.पी.च्या रेणूला दुसरा एक रेणू जोडते. अशी जोडी झाली की ते अवटू ग्रंथीला बाधत नाही आणि मूत्रावाटे निमूटपणे निघून जाते. म्हणजे पोटातील जीवाणूंबरोबर जनावराचे स्वतःचे यकृतही पहारेकरी आहे. मग हे पूर्वी कोणाला कसे दिसले नाही? मूत्राचा नमुना तपासण्याआधी त्यावर आम्लाची क्रिया करण्याची पद्धत होती. तिच्यामुळे जोडीतले डी.एच.पी. पुन्हा सुटे होई आणि घातक व निरुपद्रवी, दोन्ही एकाच आकड्यात मोजले जात. जमाखर्चाची वही चोख होती, पण दोन वेगळी खाती एकाच पानावर मांडली गेली होती.

याने जोन्स यांचे काम खोटे ठरत नाही. जीवाणू दिल्यावर डी.एच.पी. ओसरले हे त्यांनी मोजून दाखवले आहे आणि सिनर्जिस्टिस ते खातो हेही नळीत पाहता येते. पण बाहेरून जीवाणू पाजणे प्रत्येक कळपाला गरजेचे आहे काय, यावर आता तिथले शास्त्रज्ञ नव्याने वाद घालीत आहेत. यकृत किती विष हाताळते, जीवाणू किती, आणि जनावराला या पाल्याची सवय व्हायला किती दिवस लागतात, याची मोजणी चालू आहे.

तोवर आपल्याकडे सुबाभळीविषयी जो सल्ला देतात तो पाळलेला बरा. रोजच्या चाऱ्यात तिचा पाला साधारण एक तृतीयांशापर्यंतच ठेवावा, बाकी कडबा व गवत द्यावे, आणि नव्या जनावराला तो एकदम न देता हळूहळू वाढवत न्यावा. घोड्याला आणि गाढवाला मात्र तो देऊच नये. त्यांना कोठीपोट नसते.